गाजर व कोबी : वाणांची निवड व बीजोत्पादन

गाजर व कोबी : थंड हवामानात उत्तम येणाऱ्या दोन महत्त्वाच्या भाज्या. गाजर हे अंबेलिफेरी (एपिएसी) कुलातील डॉकस कॅरोटा या जातीचे लागवडीतील रूप असून कोबी हा क्रुसिफेरी (ब्रॅसिकेसी) कुलातील ब्रॅसिका ओलेरॅसिया या जातीचा कॅपिटॅटा नावाचा प्रकार होय. कुले भिन्न असली, तरी बियांच्या दृष्टीने या दोन पिकांत लक्षणीय साम्य आहे. दोन्ही वनस्पती मूलतः द्विवर्षायू आहेत. पहिल्या हंगामात त्या मुळात किंवा पानांच्या गड्ड्यात अन्नसंचय करतात, मधल्या काळात त्यांना पुरेशी थंडी मिळावी लागते आणि दुसऱ्या हंगामात त्यांस फुलोरा येऊन बी धरते. दोहोंत परागण मुख्यतः कीटकांमार्फत व एका झाडापासून दुसऱ्या झाडाकडे होते. शिवाय बाजारात विकला जाणारा भाग बी धरण्याच्या पुष्कळ आधीच काढला जातो. ज्वारी किंवा हरभरा यांच्याप्रमाणे खाण्याचा दाणा व पेरण्याचा दाणा येथे एक नसतो. यामुळे भाजी पिकविणारा व तिचे बी तयार करणारा यांची फारकत या पिकांत लवकर झाली. वाण ही एकदा निर्माण होऊन कायम टिकणारी वस्तू नव्हे. प्रत्येक पिढीत कोणीतरी चांगली झाडे राखून व वाईट उपटून टाकून तो टिकवावा लागतो. ही निवड कोणी केली, कोठे केली व कोणत्या हवामानासाठी केली, हाच या दोन पिकांच्या इतिहासाचा गाभा आहे.

गाजराचा उगम व प्रसार : रानटी गाजर यूरोप, उत्तर आफ्रिका व पश्चिम आणि मध्य आशिया येथे विस्तृत प्रमाणात आढळते. त्याचे मूळ बारीक, पांढरट, चिवट व उग्र वासाचे असते. मांसल मुळाचे गाजर अफगाणिस्तान व त्यालगतच्या मध्य आशियाई प्रदेशात सु. दहाव्या शतकाच्या आसपास लागवडीत आले, असे सामान्यतः मानले जाते. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ न्यिकलाय व्हाव्ह्यिलॉव्ह यांना या प्रदेशात गाजराची सर्वाधिक विविधता आढळली होती. सुरुवातीचे प्रकार जांभळे व पिवळे होते. जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येतो. पिवळ्या प्रकारांत ते नसते. हे प्रकार अरबी प्रदेशांतून पश्चिमेकडे गेले. बाराव्या शतकात सेव्हिल येथील कृषिलेखक इब्न अल्-अव्वाम यांनी गाजराच्या दोन प्रकारांचा उल्लेख केला असून त्यांतील तांबडे गाजर अधिक रसाळ असल्याचे नमूद केले आहे. पूर्वेकडे गाजर चीनमध्ये व तेथून जपानमध्ये पोहोचले.

आज जगात सर्वत्र परिचित असलेले नारिंगी गाजर ही त्यामानाने अलीकडची निर्मिती आहे. सोळाव्या व सतराव्या शतकांतील डच आणि फ्लेमिश चित्रकारांच्या बाजारचित्रांत नारिंगी मुळे दिसू लागतात. डच संशोधक ओ. बंगा यांनी १९५७ व १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत जुनी चित्रे, वनस्पतिग्रंथ व बियाण्यांच्या याद्या यांची सांगड घालून पाश्चात्त्य नारिंगी गाजर नेदर्लंड्समध्ये पिवळ्या प्रकारांतून निवडीने तयार झाले, असे प्रतिपादन केले. लांब मुळाचे ‘लाँग ऑरेंज’ आणि आखूड मुळाचे ‘हॉर्न’ हे दोन गट पुढील बहुतेक पाश्चात्त्य वाणांचे पूर्वज ठरले. ‘हॉर्न’ हे नाव होर्न या डच गावावरून आलेले आहे. ऑरेंज राजघराण्याच्या सन्मानार्थ हे गाजर मुद्दाम निर्माण केले गेले, अशी आख्यायिका प्रचलित असली, तरी तिला समकालीन पुरावा नाही.

जनुकविज्ञानाने या इतिहासास अलीकडे दुजोरा दिला आहे. २०१६ मध्ये गाजराचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, त्यात सु. ३२,००० जनुके आढळली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात नारिंगी रंगासाठी तीन जनुकांची अप्रभावी रूपे एकत्र यावी लागतात, असे दिसून आले. अप्रभावी गुण दोन्ही बाजूंनी आल्याशिवाय प्रकट होत नाही. याचा व्यावहारिक अर्थ असा की, रानटी किंवा भिन्न रंगाच्या गाजराचे पराग थोड्या प्रमाणात मिसळले, तरी पुढील पिढीत रंग बिघडतो. नारिंगी गाजर टिकले ते अनेक पिढ्यांच्या बागायतदारांनी बियांसाठी राखायची मुळे डोळ्यांनी पारखून निवडल्यामुळे. जनुकांची कल्पना तेव्हा कोणास नव्हती.

कोबीचा उगम : ब्रॅसिका ओलेरॅसिया ही जाती एकाच पूर्वजापासून माणसाच्या निवडीमुळे किती भिन्न रूपे निर्माण होऊ शकतात, याचे उत्कृष्ट उदाहरण होय. तिच्या अग्रस्थ कळीची पाने एकमेकांवर घट्ट मिटली की कोबी, फुलोरा मांसल झाला की फुलकोबी किंवा ब्रोकोली, खोड फुगले की नवलकोल आणि खोडावरील बगलेतील कळ्या गोळ्यांसारख्या झाल्या की ब्रसेल्स स्प्राउट तयार होते. पाने मोकळी राहिल्यास ती केल म्हणून ओळखली जाते. या सर्वांत रंगसूत्रांची संख्या १८ असून त्यांचा एकमेकांशी सहज संकर होतो. बीजोत्पादकाच्या दृष्टीने ही मोठीच अडचण आहे.

ही जाती लागवडीत कोठे आली याविषयी दीर्घकाळ मतभेद होते. पश्चिम यूरोपचा अटलांटिक किनारा व भूमध्य सामुद्रिक प्रदेश अशी दोन मते होती. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने पूर्व भूमध्य सामुद्रिक प्रदेशाच्या बाजूने कौल दिला. ग्रीक विद्वान थीओफ्रॅस्टस (इ. स. पू. चौथे–तिसरे शतक) यांनी तिच्या काही प्रकारांचे वर्णन केले आहे, तर रोमन मुत्सद्दी थोरला केटो (इ. स. पू. २३४–१४९) याने आपल्या कृषिविषयक ग्रंथात तिच्या औषधी गुणांची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. मात्र आजच्यासारखा घट्ट गड्डा धरणारे प्रकार स्पष्टपणे पुढे आले ते मध्ययुगात, उत्तर व मध्य यूरोपातील थंड प्रदेशांत. गड्डा हिवाळ्यात तळघरात टिकतो व मिठात आंबवून ठेवता येतो, त्यामुळे तेथील लोकांच्या आहारात त्यास मोलाचे स्थान मिळाले. लांब हिवाळा हा कोबीच्या जीवनक्रमाचा भाग बनला, तो याच काळात.

निवडीची पद्धत शास्त्रीय होते : अठराव्या शतकापर्यंत वाण म्हणजे एखाद्या गावच्या बागायतदारांनी राखलेला, त्या गावाचे नाव धारण करणारा समूह असे. एकोणिसाव्या शतकात बियाण्यांचा व्यापार करणाऱ्या संस्थांनी ही निवड आपल्या हाती घेतली. त्यांत फ्रान्समधील व्हील्मॉरँ-आंद्रिए या संस्थेचे स्थान अग्रगण्य होते. फिलिप आंद्रे द व्हील्मॉरँ यांनी १८३० च्या दशकात रानटी गाजराचे बी पेरून त्यातील जाड मुळांची निवड करीत जाण्याचा प्रयोग केला व अवघ्या काही पिढ्यांत खाण्याजोगी मुळे मिळाल्याचे जाहीर केले. जवळपासच्या बागायती गाजराचे पराग त्यात मिसळले असावेत, अशी शंका नंतरच्या शास्त्रज्ञांनी घेतली आहे. परंतु या प्रयोगाने निवडीची ताकद आणि परागमिश्रणाचा धोका या दोन्ही बाबी उजेडात आल्या.

त्यांचे पुत्र ल्वी द व्हील्मॉरँ यांनी १८५६ मध्ये शर्कराकंदावरील कामातून एक मूलभूत तत्त्व मांडले : झाडाची पारख त्याच्या स्वतःच्या रूपावरून न करता त्याच्या संततीवरून करावी. एखादे मूळ सकस जमिनीमुळे मोठे झालेले असू शकते. त्याचे बी स्वतंत्र वाफ्यात पेरून संतती पाहिल्यावरच तो गुण आनुवंशिक आहे की नाही, हे कळते. मेंडेल यांचे आनुवंशिकतेवरील संशोधन प्रसिद्ध होण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. आखूड, दंडगोल, बोथट टोकाचे व नाजूक गाभ्याचे ‘नँटीस’ तसेच शंकूच्या आकाराचे ‘शँटने’ हे गाजराचे सुप्रसिद्ध वाण एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच बागायतीची देणगी होय. या संस्थेने १८८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाजीपाल्यावरील ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर १८८५ मध्ये निघाले व वाणांच्या वर्णनाचा तो दीर्घकाळ आधारग्रंथ ठरला.

रोगट शेतातील निवड : विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या आग्नेय भागात कोबीच्या पिकावर फ्युजेरियम या कवकामुळे पीत रोग पसरला. कवक जमिनीत वर्षानुवर्षे राहत असल्याने फवारणी वा पिकांची फेरपालट यांचा उपयोग होईना आणि कोबीची लागवडच बंद करण्याची वेळ आली. विस्कॉन्सिन विद्यापीठातील एल्. आर्. जोन्स यांनी १९१० पासून यावर साधा उपाय योजला. पूर्णपणे रोगग्रस्त झालेल्या शेतात जे थोडे गड्डे निरोगी उरले होते, ते त्यांनी जमा केले, दुसऱ्या वर्षी त्यांचे बी धरले व ते बी पुन्हा त्याच रोगट जमिनीत पेरले. यातून ‘विस्कॉन्सिन हॉलंडर’ हा रोगप्रतिकारक वाण मिळाला. त्यांचे शिष्य जे. सी. वॉकर यांनी पुढे असे दाखविले की, प्रतिकारशक्तीचे दोन प्रकार आहेत. एक प्रकार एकाच प्रभावी जनुकावर अवलंबून असून उष्ण जमिनीतही टिकतो. दुसरा अनेक जनुकांवर अवलंबून असून जमीन तापली की निकामी होतो. ज्या परिस्थितीत पीक घ्यावयाचे त्याच परिस्थितीत निवड केली पाहिजे, हा या संशोधनाचा बोध उष्ण देशांतील भाजीपाला संशोधनास विशेष उपयोगी पडला.

भारतातील आगमन : भारतात गाजर प्राचीन काळापासून अथवा निदान मध्ययुगापासून परिचित आहे. संस्कृत ग्रंथांतील ‘गृंजन’ हा शब्द गाजरास लावतात. तथापि काही ठिकाणी तो कांदा-लसूण वर्गातील वनस्पतीसाठी आला असल्याने त्याविषयी एकमत नाही. उत्तर भारतातील तांबडे व काळपट जांभळे देशी प्रकार आशियाई गटात मोडतात. तांबड्या प्रकारांचा रंग लायकोपीन या टोमॅटोतही असलेल्या रंगद्रव्यामुळे येतो. या प्रकारांना फुलोऱ्यासाठी दीर्घ थंडीची गरज नसते, त्यामुळे त्यांचे बी मैदानी प्रदेशात शेतकऱ्यालाही धरता येते. महाराष्ट्रात संक्रांतीच्या सुगडात ऊस, बोरे व हरभऱ्याबरोबर गाजराचे तुकडे घालण्याची प्रथा आहे. थंडीच्या दिवसांतील पीक म्हणून गाजर येथील लोकजीवनात किती रुळले होते, हे तीवरून दिसते.

कोबीचे तसे नाही. ही भाजी यूरोपीय लोकांबरोबर समुद्रमार्गे आली. मराठी ‘कोबी’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतील ‘कोव्ह’ या शब्दापासून आल्याचे मानतात. ब्रिटिश अमदानीत लष्करी छावण्या व थंड हवेची ठिकाणे यांच्या आसपास तिची लागवड वाढली. निलगिरी, दार्जिलिंग, सिमला तसेच महाराष्ट्रात महाबळेश्वर व पाचगणी येथे पाश्चात्त्य भाज्या रुजल्या. बी मात्र इंग्लंड, फ्रान्स, नेदर्लंड्स व डेन्मार्क येथून येई. पुणे येथे १८८४ मध्ये सुरू झालेली पोचा यांची पेढी व १९१२ मध्ये कलकत्त्यास शाखा उघडणारी सटन ही इंग्रज संस्था यांसारख्या विक्रेत्यांमार्फत ते बागायतदारांपर्यंत पोहोचत असे.

या संदर्भात फुलकोबीचा इतिहास तुलनेसाठी उद्बोधक आहे. फुलकोबीचे बी भारतात १८२२ मध्ये सहारणपूर येथे प्रथम आल्याचे मानतात. त्या पिकातील काही झाडांना मैदानातील सौम्य थंडीतही फुलोरा येई. उत्तर भारतातील शेतकऱ्यांनी अशाच झाडांचे बी वर्षानुवर्षे राखले आणि सु. शंभर वर्षांत उष्ण व दमट हवेत येणारी, मैदानातच बी देणारी भारतीय फुलकोबी तयार झाली. कोबीच्या बाबतीत ही वाट खुली झाली नाही, कारण मैदानातील हिवाळा संपतो तरी गड्डा फुटून फुलोरा बाहेर पडत नाही. बी न धरणाऱ्या पिकात शेतकऱ्याला निवड करता येत नाही व निवडीविना पीक स्थानिक हवामानाशी जुळवून घेत नाही. परिणामी कोबीचे बी दरवर्षी परदेशातून मागविणे अपरिहार्य होऊन बसले.

महायुद्ध व स्वदेशी बीजोत्पादन : या परावलंबनाचे परिणाम दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) प्रत्ययास आले. यूरोपातील बीजोत्पादक प्रदेश जर्मन सैन्याच्या ताब्यात गेले, समुद्रवाहतूक धोक्याची बनली आणि भारतात येणारे बी आटले. त्याच वेळी सैन्यासाठी भाजीपाल्याची मागणी वाढली होती. तेव्हा १९४२-४३ च्या सुमारास बलुचिस्तानातील क्वेट्टा, काश्मीर आणि त्या वेळी पंजाबात असलेले कुलूचे खोरे येथे थंड हवामानातील भाज्यांचे बी तयार करण्यास सुरुवात झाली. क्वेट्टा येथील कोरडी हवा व कडक हिवाळा बीजोत्पादनास अत्यंत अनुकूल होता. परंतु १९४७ च्या फाळणीत क्वेट्टा पाकिस्तानात गेले आणि उभी राहत असलेली ही व्यवस्था अर्धवट तुटली. काश्मीरमध्येही त्याच वर्षी युद्ध सुरू झाले.

कुलूच्या खोऱ्याचे महत्त्व यामुळे वाढले. बियास नदीकाठच्या कटराईं येथे १९४९ मध्ये केंद्र सरकारने भाजीपाला पैदास केंद्र स्थापन केले व १९५५ मध्ये ते भारतीय कृषी संशोधन संस्थेकडे सोपविण्यात आले. तेथील हिवाळ्यात बर्फ पडते, परंतु कोबीचे गड्डे शेतातच तग धरतात. वसंतात फुलोरा येतो आणि पावसाळ्याचा जोर होण्यापूर्वी बी पक्व होते. मैदानात पीक व डोंगरात बी अशी श्रमविभागणी त्यामुळे देशाच्या सीमेतच शक्य झाली. कोबीचे ‘गोल्डन एकर’ व ‘पुसा ड्रमहेड’ आणि गाजराचे ‘नँटीस’ या वाणांचे बी याच पट्ट्यातून देशभर जाऊ लागले. १९६३ मध्ये राष्ट्रीय बीज निगम स्थापन झाले, १९६६ मध्ये बियाणे अधिनियम संमत झाला आणि १९७६ मध्ये महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ (महाबीज) अकोला येथे सुरू झाले.

मैदानासाठी पैदास : डोंगरात बी करण्याची सोय झाली, तरी मूळ प्रश्न सुटला नव्हता. दिल्लीच्या संस्थेतील पैदासकारांनी देशी व पाश्चात्त्य प्रकारांचा संकर करून तो सोडविण्याचा प्रयत्न केला. ‘पुसा केसर’ हे गाजर देशी तांबडे व नँटीस यांच्या संकरातून निवडलेले आहे. देशी गाजराची उष्णता सोसण्याची व मैदानात बी देण्याची क्षमता आणि नँटीसचे बारीक गाभ्याचे, कॅरोटीनयुक्त मूळ यांचा त्यात मेळ घातलेला आहे. पुढे ‘पुसा केसर’ व नँटीस यांच्या संकरातून ‘पुसा मेघाली’ हा नारिंगी गराचा, मैदानात बी देणारा वाण मिळाला. कटराईं येथील ‘पुसा यमदग्नी’ हा थंड प्रदेशासाठी आहे. कोबीत ‘पुसा अगेती’ या वाणाने विशेष टप्पा गाठला. उत्तर भारताच्या मैदानी हिवाळ्यात फुलोरा येऊन बी देणारा हा कोबी होय. ‘पुसा मुक्ता’ हा वाण काळी कूज या सूक्ष्मजंतुजन्य रोगाला प्रतिकार करतो.

वाणाची निवड व लागवड : वाण निवडताना प्रथम हंगाम, नंतर जमीन व शेवटी बाजार यांचा विचार करावा लागतो. महाराष्ट्रात देशी अथवा ‘पुसा केसर’सारखी गाजरे ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात पेरतात, नँटीस गटातील गाजरे थंडी पडू लागल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरणे श्रेयस्कर असते. १५° ते २०° से. तापमानात मुळांचा रंग उत्तम येतो. अधिक उष्णतेत मुळे आखूड व फिकट राहतात. पाश्चात्त्य वाण लवकर पेरल्यास रंग भरत नाही आणि देशी वाण फार उशिरा पेरल्यास मूळ पोसण्याआधीच दांडा येतो. बाजारात ‘खराब बी’ म्हणून ज्या तक्रारी होतात, त्यांपैकी काहींचे कारण बी नसून वाण व हंगाम यांची अशी विसंगती असते.

गाजराचे बी म्हणजे वस्तुतः फळाचा अर्धा भाग असून त्यावर बारीक काटे असतात. पेरणीपूर्वी ते चोळून काढतात. एका ग्रॅममध्ये सु. ८०० बिया मावतात. हेक्टरी ५–६ किग्रॅ. बी पुरते. बी कायमच्या जागीच पेरावे लागते, कारण रोप उपटून लावल्यास सोटमूळ दुखावून त्यास फाटे फुटतात. भुसभुशीत, खोल व दगडगोटे नसलेली जमीन लागते. ताजे शेणखत घातल्यासही मुळे फाटतात. बी १ ते १·५ सेंमी. पेक्षा खोल पेरत नाहीत. उगवणीस १० ते १५ दिवस लागतात व तोपर्यंत जमिनीचा वरचा थर सुकू द्यावयाचा नसतो. नंतर विरळणी करून दोन रोपांत ५ ते ८ सेंमी. अंतर राखतात.

कोबीची रोपे गादीवाफ्यावर तयार करून ४ ते ५ आठवड्यांनी शेतात लावतात. एका ग्रॅममध्ये सु. ३०० बिया असतात व सुधारित वाणांचे सु. ५०० ग्रॅ. बी एका हेक्टरास पुरते. ‘गोल्डन एकर’सारख्या हळव्या वाणांस ४५ × ४५ सेंमी. व मोठ्या गड्ड्याच्या गरव्या वाणांस ६० × ४५ सेंमी. अंतर देतात. हळव्या वाणांचा गड्डा लावणीनंतर सु. दोन महिन्यांत तयार होतो. तो लहान, गोल व घट्ट असल्याने शहरी ग्राहकास सोयीचा असतो. ‘ड्रमहेड’ गटातील गरवे वाण चपट्या व मोठ्या गड्ड्याचे असून खानावळी व भोजनालये यांना परवडतात. काळी कूज रोगाचे जंतू बियांतून पसरतात. म्हणून शंकास्पद बी ५०° से. तापमानाच्या पाण्यात सु. अर्धा तास बुडवून, लगेच थंड करून व सुकवून पेरतात.

बीजोत्पादनाची रीत : गाजराचे खात्रीचे बी मिळविण्यासाठी पक्व मुळे उपटून पारखतात. फाटे फुटलेली, तडकलेली, केसाळ अथवा निराळ्या रंगाची मुळे बाद करतात. टोकाचा थोडा भाग कापून गाभ्याचा रंग पाहतात व पाला आखूड कापून निवडक मुळे पुन्हा लावतात. पाश्चात्त्य वाणांना फुलोऱ्यासाठी सु. ५° ते १०° से. तापमानात सहा ते आठ आठवडे काढावे लागतात. फुलोरा चामरकल्प असून त्यातील फुलांत पुंकेसर आधी व स्त्रीकेसर नंतर पक्व होतात, त्यामुळे परपरागण घडून येते. मुख्य दांड्यावरील फुलोऱ्याचे बी प्रथम व सर्वांत भरदार पक्व होते. पायाभूत बियाण्यासाठी गाजराच्या दोन वाणांत १,००० मी. व प्रमाणित बियाण्यासाठी ८०० मी. अंतर राखण्याचा भारतातील दंडक आहे.

कोबीच्या रोपाला थंडीचा परिणाम होण्यासाठी ते ठरावीक जाडीचे व्हावे लागते. अगदी लहान रोपास थंडी मिळूनही फुलोरा येत नाही. गड्डा तयार झाल्यावर तो तसाच शेतात ठेवून वसंताच्या आरंभी त्याच्या माथ्यावर फुलीसारखा छेद देतात, म्हणजे फुलोऱ्याच्या दांड्यास बाहेर पडण्यास वाट मिळते. दुसऱ्या पद्धतीत गड्डा कापून विकतात व उरलेल्या खोडावरील फुटव्यांचे बी धरतात. यात खर्च कमी होतो, परंतु बीही कमी येते. कोबीजवळ फुलकोबी, नवलकोल अथवा ब्रोकोली फुलावर असता कामा नये. म्हणून पायाभूत बियाण्यासाठी १,६०० मी. व प्रमाणित बियाण्यासाठी १,००० मी. अंतर ठरविलेले आहे. दोन्ही पिकांत मोजक्याच झाडांचे बी धरल्यास काही पिढ्यांत निकट संबंधाचे दुष्परिणाम दिसू लागतात. गाजरात ते विशेष तीव्र असतात. म्हणून एकच उत्तम मूळ निवडण्यापेक्षा शंभराहून अधिक चांगली मुळे राखणे हितावह ठरते. घरच्या परसात वाण टिकविणे अवघड जाते, ते याच कारणाने.

संकरित वाण : वाण शुद्ध ठेवण्याच्या या खटाटोपास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संकरित बियाण्याने नवे वळण दिले. कोबीचे झाड स्वतःच्या परागांना सहसा फलधारणा होऊ देत नाही. या स्व-विसंगतीचा उपयोग करून जपानमधील ताकी या संस्थेने १९५० मध्ये संकरित कोबी बाजारात आणला. गाजरात जे. ई. वेल्च व ई. एल्. ग्रिंबॉल यांनी १९४७ मध्ये पराग न देणारी, म्हणजे पुंवंध्य, झाडे आढळल्याचे प्रसिद्ध केले. अशी झाडे मादी म्हणून वापरून गाजराचेही संकरित बी करता येऊ लागले. एच्. ओगुरा यांना १९६८ मध्ये जपानी मुळ्यात सापडलेले पुंवंध्यत्व पुढे संकर व पेशीमीलन यांच्या साहाय्याने कोबीवर्गीय पिकांत आणण्यात आले.

संकरित कोबीचे गड्डे एकसारखे असतात, एकाच वेळी तयार होतात व दूरच्या बाजारास पाठविता येतात. त्यामुळे शेतकऱ्याने ते आपखुशीने स्वीकारले. भारत सरकारच्या १९८८ च्या नव्या बियाणे धोरणाने भाजीपाल्याच्या बियांची आयात खुली झाली व संकरित वाणांचा प्रसार वेगाने झाला. परंतु संकरित पिकाचे घरी धरलेले बी पुढील पिढीत विभागते व एकसारखेपणा नाहीसा होतो. पुंवंध्य संकरितांच्या फुलांत तर परागच नसतात. महायुद्धापूर्वी बी बोटीतून येई. आता ते पुष्कळदा देशातच तयार होते, परंतु त्याची जनक वंशकुळे उत्पादक संस्थेच्या ताब्यात राहतात. सार्वजनिक संस्थांनीही ‘पुसा वसुदा’सारखी संकरित गाजरे तयार केली आहेत. त्याचबरोबर ‘पुसा रुधिरा’ हे तांबडे व ‘पुसा आसिता’ हे काळे गाजर असे बी राखता येणारे वाणही प्रसारित केले आहेत.

वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ या कायद्याने शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा व विकण्याचा हक्क मान्य केला. संरक्षित वाणाचे बी छापील नाममुद्रेखाली विकण्यास मात्र मनाई आहे. तथापि कायद्याने दिलेला हक्क बजावण्यासाठी बी धरू शकणारा वाण हाती असावा लागतो. देशी तांबड्या गाजराच्या बाबतीत तो आजही आहे. कोबीच्या बाबतीत मैदानात बी देणारे वाण निघूनही लागवडीत संकरितांचेच प्राबल्य आहे. जुने देशी समूह व मैदानी कोबीचे वाण प्रत्येक पिढीत पेरून, पारखून व पुरेशा संख्येने राखले गेले, तरच ते उरतील. शीतगृहातील बीसंग्रह त्यांना काही वर्षे जिवंत ठेवू शकतो, पण हवामान बदलत असता त्यांची पुढील निवड शेतातच व्हावी लागते.